न बोललेला नऊ

कुणाची भीती पोटात राहते, कुणाची गुडघ्यात. ज्योत्स्ना देवराव खंडारे हिची भीती उजव्या हाताच्या पहिल्या बोटात राहते. कार्यक्रम सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी ते बोट गार पडतं. मग ती ते डाव्या मुठीत धरून बसते, पाखराचं पिल्लू धरावं तसं, आणि ऊब येईपर्यंत कुणाशी बोलत नाही. या कामात तिला तेरा वर्षं झाली. बोट अजून गार पडतंच.

काम तिचं अकोल्यात, बाजारामागच्या गल्लीत, एका इमारतीच्या तिसऱ्या माळ्यावर. तिथून खेळांची एक वाहिनी चालते. मोठ्या वाहिन्या मोठे खेळ दाखवतात, ही आमचे खेळ दाखवते. गावोगावची कबड्डी, यात्रेतल्या कुस्त्या, रबरी चेंडूचं क्रिकेट, आणि थंडी पडली की शंकरपट. वऱ्हाडातल्या माणसाला शंकरपट सांगावा लागत नाही, पण वाचणारा बाहेरचाही असतो. दोन चाकांच्या हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची शर्यत ती. शेतात सरळ आखलेली धाव, एका टोकाहून जोडी सुटते, दुसऱ्या टोकाला निशाणाचा बांबू, आणि मधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. काही वर्षं कोर्टाच्या बंदीत हा खेळ मुका होता. बंदी उठली आणि काळ्या मातीवर पुन्हा धूळ उडाली. ती धूळ घराघरातल्या पडद्यावर पोचवायची, हे ज्योत्स्नाचं काम.

मैदानावर चार कॅमेरे असतात. त्यांची चार चित्रं नेटवरून अकोल्याला येतात आणि तिच्यासमोरच्या चार पडद्यांवर हलत राहतात. हाताशी बटणांची पाटी. एक ते चार म्हणजे चार कॅमेरे. ज्या नंबरचं बटण दाबलं ते चित्र लोकांना दिसतं. पाटीच्या शेवटी नऊ नंबर आहे. नऊ म्हणजे साठवलेलं. झालेली धाव पुन्हा दाखवायची असली की नऊ. तिच्या डाव्या हाताला सीमा बसते. जोडीमालकाचं नाव, सेकंद, ही अक्षरं ती चढवते, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल रंगात ‘थेट’ ठेवते. ज्योत्स्ना कुठलंही बटण दाबण्याआधी त्याचा नंबर मोठ्यानं बोलते. ती ‘नऊ’ बोलली की सीमा ‘थेट’ काढून घेते. जुनं ते जुनं, आत्ताचं ते आत्ताचं. त्या खोलीतला हा पहिला कायदा, आणि तो कुणी मोडत नसे.

बोलून दाबायची सवय तिनं बापाकडून घेतली. देवराव खंडारे बडनेरा जंक्शनवर पॉइंट्समन होते. केबिनमध्ये उभे राहून लोखंडी दांडे ओढायचे आणि गाडीचा रूळ बदलायचे. दांडा चुकला तर हजार माणसांची गाडी भलत्या रुळावर. म्हणून त्यांचा नेम होता, आधी नंबर बोलायचा, मग दांड्याला हात लावायचा. तोंडातून निघालं की दुसऱ्याच्या कानात जातं, चूक असली तर तो टोकतो, असं ते पोरांना सांगत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक गाडी भलतीकडे गेली नाही. त्यांच्या खिशात झाकणाचं, चावी द्यायचं घड्याळ असे. पण वेळ विचारली तर ते आधी सिग्नलच्या खांबाच्या सावलीकडे पाहत, सावलीवरून वेळ सांगत, आणि मग घड्याळाचं झाकण उघडून स्वतःलाच तपासत. चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त चूक व्हायची नाही. ज्योत्स्ना आणि तिचा धाकटा भाऊ धर्मेंद्र शाळेतून येताना त्यांना मुद्दाम वेळ विचारायचे.

आई लवकर गेली. पुढे देवराव निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी नागपूरला त्यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी ज्योत्स्नाला बाजूला घेऊन सांगितलं की यांना धक्का बसू देऊ नका, हे हृदय आता शिवलेल्या पोत्यासारखं आहे. ती उपमा तिच्या मनातून कधी गेली नाही. भरलेलं पोतं कुणी उचललं की तिची नजर शिवणीवर जाते.

धर्मेंद्रला या कामात तिनंच आणलं. बारावीनंतर तो अमरावतीत लग्नांचे व्हिडिओ काढत फिरायचा. हात स्थिर होता त्याचा, आणि भीती म्हणून नव्हती. बहिणीच्या वाट्याची आणि आपल्या वाट्याची अशी दोन्ही भीती देवानं, म्हणजे निसर्गानं, तिच्याकडेच दिली, असं तो हसून म्हणायचा. त्याला तीन नंबरचा कॅमेरा मिळाला. हा कॅमेरा निशाणाच्या बांबूच्या मागे, जमिनीपासून गुडघाभर उंच. जोडी सरळ तोंडावर येते, शिंगं मोठी होत जातात, नाकपुड्यांतली वाफ दिसते, आणि बांबूपाशी आल्यावर धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, तिला बाजूच्या मोकळ्या शेतात वळवतो. लोकांना हे चित्र फार आवडतं. घेणारा माणूस तिथे मांडी घालून बसलेला आहे, हे पाहणाऱ्याच्या मनात येत नाही.

देवरावांच्या मनात पहिल्याच दिवशी आलं. पहिल्या पटात जोडी पडद्यावर चालून आली तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि छाती धरून खाली बसले. शेजारच्या लीलाबाईंनी पाणी पाजलं. त्या दिवशीपासून धर्मेंद्रनं एक खूण ठरवली. सकाळी प्रक्षेपण सुरू झालं की तो कॅमेऱ्याचं नाक जरासं खाली घेई आणि वर करी. माणसानं मान डोलवावी तसं. जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा, आणि कुठली जोडी वेडीवाकडी गेली, धूळ उडाली, गोंधळ झाला, की पुन्हा एकदा. पाहणाऱ्याला वाटे, कॅमेरावाल्याचा हात हलला. बडनेऱ्याच्या त्या दोन खोल्यांत मात्र एक म्हातारा माणूस पाठ खुर्चीला टेकवत असे. पोरगं बरं आहे.

आता त्या दिवसाचं सांगतो.

जानेवारीतला रविवार. पट रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका गावात होता. गावाचं नाव घेत नाही, गावाचा काही दोष नव्हता. सकाळी दहाला प्रक्षेपण सुरू झालं. ज्योत्स्ना ‘तीन’ बोलली, तीन दाबलं, आणि पडद्यावर कोवळ्या उन्हातली धाव आली, मागे तुरीची कापलेली रांग, मध्ये निशाणाचा बांबू. चित्रानं मान डोलावली. ज्योत्स्नाच्या बोटात ऊब आली. तिकडे बडनेऱ्यात देवराव त्या दिवशी एकटे होते, कारण लीलाबाई रिद्धपूरला देवदर्शनाला गेल्या होत्या.

दिवस चांगला गेला. दुपारी सुट्टीनंतर चित्रानं दुसऱ्यांदा मान डोलावली. चार वाजता शेवटच्या आठ जोड्या उरल्या. मैदानात माणूस माणसाला चिकटून उभा होता. चार वाजून दहा मिनिटांनी एक पांढरी जोडी सुटली. ज्योत्स्ना ‘एक’ बोलली, मचाणावरचं चित्र दाखवलं, अर्ध्यावर ‘तीन’ बोलली, तीन दाबलं. बैलांची तोंडं मोठी होत आली. डावा बैल बुजला. गर्दीतून कुणी उपरणं हलवलं म्हणतात, कुणी म्हणतं त्याचा पाय घसरला. जोडी वळली नाही.

तीन नंबरच्या पडद्यावर आधी दोन कपाळं आली, मग अंधार, मग आभाळ, मग एक खूर. मग चित्र आडवं झालं आणि तसंच राहिलं. आडव्या गवताच्या काड्या, आणि त्यांच्या पलीकडे निळ्या पट्ट्याची एक चप्पल. ती चप्पल ज्योत्स्नानं दिवाळीत घेऊन दिली होती.

“एक,” ती बोलली आणि एक दाबलं. लोकांना मचाणावरून धुळीचा लोट दिसला. तीन नंबर लोकांसमोर मोजून दोन सेकंद राहिला असेल. पण तिच्यासमोरच्या पडद्यावर ती चप्पल तशीच होती, आणि हलत नव्हती.

कानातल्या यंत्रावर मैदानातून किशोरचा आवाज आला. किशोर तिथली सगळी व्यवस्था पाहायचा. तो म्हणाला, “ताई, तीन नंबर पडला.”

“कॅमेरा का मानूस?”

किशोरच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “दोनी.”

मी पुढे तिला विचारलं होतं की त्या वेळी तुला काय वाटलं. तिनं सांगितलं की काही वाटलं नाही, फक्त कान थंड झाले आणि पुढची गोष्ट डोळ्यांपुढे आली ती भावाची नव्हती, बापाची होती. बडनेऱ्याची खोली, खुर्ची, आणि मान डोलावण्याची वाट पाहणारे डोळे. धूळ बसत होती. धूळ बसली की खूण यायची. आली नाही तर शिवण उसवणार. फोन करायचा म्हटलं तर फोन दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत. खोलीत फोन आणायचा नाही असा नियम होता, आणि फोन करून तरी सांगणार काय? किशोरनं तेवढ्यात सांगितलं होतं की धर्मेंद्रचा श्वास चालू आहे, डोळे उघडत नाहीत, पोटावरून चाक गेलं, रुग्णवाहिका बोलावली.

सगळं साठवलेलं असतं. सकाळचं दहाचंसुद्धा. तिनं डाव्या हातानं शोधलं, सकाळचं ते मान डोलावणारं चित्र काढलं आणि नऊ नंबरवर ठेवलं. मग उजव्या हाताचं गार बोट नऊवर नेलं, आणि बोलली नाही. बोलली असती तर सीमानं ‘थेट’ काढलं असतं. सीमा तेव्हा खाली मान घालून पुढच्या जोडीचं नाव लिहीत होती.

ज्योत्स्नानं न बोलता नऊ दाबलं.

चार वाजून अकरा मिनिटांनी साऱ्या वऱ्हाडानं पाहिलं, निशाणाचा बांबू जागेवर आहे, धाव मोकळी आहे, आणि कॅमेऱ्यानं हळूच मान डोलावली. वर कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘थेट’. पाच सेकंदांत तिनं ‘एक’ म्हणून एक दाबलं.

वाहिनीचे मालक गजेंद्रभाऊ दारात येऊन उभे राहिले. जोडी अंगावर येते ते चित्र पुन्हा दाखव, लोकांचे फोन येताहेत, असं ते म्हणाले. ते दाखवणार नाही, असं तिनं मान न वळवता सांगितलं. तो माझा भाऊ आहे, हेही सांगितलं. गजेंद्रभाऊ वाईट माणूस नव्हेत. तू जा, असं ते म्हणाले. पण तिच्या जागी बसणारा स्वप्निल साखरपुड्याला गेला होता, आणि ती उठली तर पडदा काळा होणार होता. काळा पडदा बडनेऱ्याला काय सांगेल, याच्या भीतीनं ती खुर्चीत बसून राहिली. खरं चित्र दाखवायला तिनं नकार दिला होता आणि खोटं दाखवून झालं होतं. अजून सात जोड्या पळायच्या होत्या. एक, दोन, चार, एक. तीन नंबरचा पडदा कुणी तरी तिकडून बंद केला तेव्हा तिला ती चप्पल दिसायची थांबली, आणि त्यानंच ती जास्त भ्याली.

पाच वाजता ती उठली. पेटीतून फोन काढला. किशोरचे सहा फोन येऊन गेले होते. बापाचा एकही नव्हता.

खूण पाहून ते निवांत झाले असतील तर फोन येणार नाही, बरोबर. पण दोन सेकंद दिसलेली ती कपाळं पाहूनच खुर्चीतून पडले असतील, तरीही येणार नाही. तिनं किशोरला लावला. धर्मेंद्रला अमरावतीच्या दवाखान्यात आत नेलं होतं, पोटात रक्त साचलं होतं, डॉक्टरांना घरच्या माणसाची सही हवी होती. ती फोनवरून हो म्हणाली आणि सही किशोरनं केली. अमरावतीपासून अर्ध्या तासावर धर्मेंद्रचा बाप बसला होता, आणि सही परक्यानं केली. मग तिनं बापाला लावला. फोन बंद होता.

अकोल्याहून सव्वापाचची गाडी उशिरानं आली म्हणून तिला मिळाली. दाराजवळ उभी राहून ती दर स्टेशनाला फोन लावत होती. मूर्तिजापूर. बंद. लीलाबाईंना लावला, तर त्या अजून रिद्धपूरच्या बसची वाट पाहत होत्या, काय झालं बाई म्हणाल्या. काही नाही, असंच, असं ती बोलली. त्या दिवसातलं तिचं दुसरं खोटं ते. बाहेर सूर्य मावळत होता. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या सावल्या रुळापर्यंत लांबल्या होत्या. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि मूर्तिजापूर सोडल्यावर कुठे तरी तिच्या ध्यानात आलं.

सावली.

सकाळी दहाला बांबूची सावली डावीकडे होती. चार वाजता ती उजवीकडे असते. साऱ्या दिवसात तिनं ते चित्र शंभरदा पाहिलं होतं, पण सावली पाहिली नव्हती. वाहिनी पाहणाऱ्यांतही कुणी पाहिली नसेल. वऱ्हाडात एकच माणूस ती पाहणार होता.

बडनेऱ्याला उतरली तेव्हा सात वाजत आले होते. ऑटोवाल्याला तिनं दोनदा पत्ता चुकीचा सांगितला. घराचं दार लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता, टीव्हीचा निळा उजेड तेवढा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर हलत होता. आवाज बंद केलेला. देवराव खुर्चीत होते. मान छातीवर. तिनं उंबऱ्याला धरलं.

“ये,” ते म्हणाले.

ती त्यांच्या पायाशी खाली बसली. धर्मेंद्र कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. वाटेतच किशोरचा फोन आला होता, ऑपरेशन झालं होतं, पोटातला एक फाटलेला भाग काढावा लागला, दोन बरगड्या मोडल्या, पण डॉक्टर म्हणाले की धोका टळला. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि वर पाहिलं. देवरावांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. उजव्या तळहातावर झाकण उघडलेलं घड्याळ होतं.

“चार वाजता बांबूची सावली डाव्या अंगाले कशी पडन, बाई?” ते म्हणाले.

तिनं नजर त्या घड्याळावर खिळवली.

“नऊ बोलली होतीस?”

“नाई.”

“काहून?”

“सीमानं आयकलं असतं तर ‘थेट’ काढलं असतं. मंग तुमाले कळलं असतं.”

देवराव थोडे हसल्यासारखे झाले. तिला ते हसू पाहून जास्त भीती वाटली. त्यांनी सांगितलं ते असं. सावली पाहिली तेव्हाच त्यांना दोन गोष्टी कळल्या, पोरगं पडलं, आणि पोरगी खोटं दाखवते. पोरगी खोटं दाखवते म्हणजे खरं दाखवण्यासारखं नाही. त्यांनी धर्मेंद्रला फोन लावला. लावत राहिले. चाळीस-पन्नास वेळा. फोन वाजायचा, उचलत कुणी नव्हतं. शेवटी त्यांचाच फोन बंद पडला आणि चार्जर धर्मेंद्रच्या बॅगेत गेलेला. उठून कुणाला विचारावं तर छातीत कळ होती. उठलो असतो तर पडलो असतो, असं ते म्हणाले. मग हे घड्याळ हातात घेऊन बसले आणि एक-एक मिनिट पाहत राहिले, पोरगं या मिनिटाला आहे की नाही. असे तीन तास.

मला फोन का केला नाही, हे तिनं हळू आवाजात विचारलं.

“गाडी समोरून जात असते तवा केबिनले हाक मारत नाईत,” ते म्हणाले. “तू कामावर होती.”

मग तिनं पुन्हा सांगितलं की बाबा, तो वाचला, आता चला, मी ऑटो थांबवून ठेवला आहे. देवराव जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे तिच्या तोंडावर होते, आणि तिला कळलं की ते तिच्या तोंडावर शब्द शोधत नव्हते, सावली शोधत होते. मेलेल्या मुलाकडे नेताना लोक बापाला असंच सांगतात, तो बरा आहे, चला. जगात सगळीकडे असंच सांगतात.

“तू म्हनशीन,” ते म्हणाले. “दुपारीबी तू दाखवलंच होतं.”

त्यांचा श्वास वर लागला होता. कपाळावर घाम. या अवस्थेत त्यांना ऑटोत घालायचं, तर वाटेतल्या त्या अर्ध्या तासाचं तिला भय वाटलं. तिनं किशोरला व्हिडिओ कॉल लावला. किशोर आतल्या नर्सशी काही बोलला, मग चित्र हलत हलत एका खाटेपाशी गेलं. नाकात नळी, सुजलेला डावा डोळा. धर्मेंद्र. भूल उतरत होती. किशोरनं त्याच्या कानाशी सांगितलं की बाबा पाहताहेत. धर्मेंद्रनं डोळे जरा उघडले आणि काही बोलता येईना म्हणून मान खाली घेतली, वर केली. सावकाश. आपली खूण.

ज्योत्स्नाला रडू फुटलं. तिनं फोन बापासमोर धरला.

देवरावांनी पडद्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. “मान डोलावनं पायलं म्या आज एक खेप,” ते म्हणाले. “त्याले म्हन, घडी दाखव.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं किशोरला विचारलं, तिथं भिंतीवर घड्याळ आहे का. चित्र पांढऱ्या भिंतीवरून फिरलं. खिडकी, पडदा, सलाईनचा दांडा, पुन्हा भिंत. घड्याळ नव्हतं. हे चित्र आत्ताचं आहे हे सिद्ध करायला तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि तेरा वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

“मॅडम, तुमचा हात,” तिकडून किशोरचा आवाज आला. पडद्यावर नर्सचं मनगट आलं. लहान पांढरी तबकडी, काळे काटे. किशोर हुशार माणूस. त्यानं ते मनगट धर्मेंद्रच्या तोंडाशेजारी धरायला लावलं, दोन्ही एकाच चित्रात. सात वाजून एकवीस.

देवरावांनी तळहात टीव्हीच्या उजेडात नेला. तिनं उठून दिवा लावला. त्यांनी आपलं घड्याळ पाहिलं, ते मनगट पाहिलं, पुन्हा आपलं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. केबिनमध्ये दांड्याला हात लावण्याआधी हलायचे तसे.

“एक मिनिट म्होरं हाये तिची,” ते म्हणाले, आणि पाठ खुर्चीला टेकवली. मग म्हणाले, “चाल.”

ऑटोत ते सगळा रस्ता तिचा हात धरून होते.

धर्मेंद्र महिनाभरात उठला. आता तो मचाणावरचा एक नंबर सांभाळतो. तीन नंबरपाशी माणूस बसवत नाहीत, वाळूच्या पोत्यांमागे नुसता कॅमेरा ठेवतात. ज्योत्स्नानं दुसऱ्याच दिवशी सीमाला सगळं सांगितलं होतं. सीमा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली की ताई, मले सांगतलं असतं तर म्या काय तुमाले अडवलं असतं? ज्योत्स्ना आता घरात गॅसची शेगडी पेटवतानाही आधी बोलते, मग हात लावते.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या पटाला धर्मेंद्रनं मचाणावरून कॅमेऱ्याची मान डोलावून पाहिली. संध्याकाळी देवरावांनी त्याला सांगितलं की हे आता राहू दे. त्याला वाईट वाटलं. ज्योत्स्नाला वाटलं नाही, तिला ते बरोबर वाटलं, आणि म्हणून ती त्या दिवशी जेवली नाही.

देवराव अजून प्रत्येक पट पाहतात. लीलाबाई सांगतात की ते बैल पाहत नाहीत, बांबूचं बूड पाहतात, आणि मग घड्याळ. प्रक्षेपण संपलं की ज्योत्स्ना पेटीतून फोन काढते आणि पहिला फोन बडनेऱ्याला लावते. बाबा, सगळं बरं आहे, असं म्हणते. ते बरं म्हणत नाहीत. किती वाजले, असं विचारतात. ती भिंतीकडे पाहून वेळ सांगते. मग पलीकडून घड्याळाचं झाकण उघडल्याचा बारीक आवाज येतो, आणि ते पुढचा शब्द बोलेपर्यंत ती आपलं गार पडलेलं बोट मुठीत धरून उभी असते.